मिस्त्रीचं शलभासन

मिस्त्रीने एका सकाळी ठरवून टाकलं, की आता मरेपर्यंत कुणाला काही विचारायचं नाही.

कुणी तंबाखू सोडतं, कुणी साखर सोडतं. मिस्त्रीने प्रश्न सोडला. आणि सोडला म्हणजे सोडला. माणसाने एकदा नाही म्हटलं की नाही, मग दारात देव उभा राहिला तरी नाही. (देव येत नाही, ही गोष्ट वेगळी. येतो तो मेहुणा.)

हा मेहुणा म्हणजे मिस्त्रीच्या बायकोचा धाकटा भाऊ. नोकरी संपल्यापासून रोज सकाळी मिस्त्रीच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात येऊन बाकावर पसरायचा. चाकात हवा भरायला कधी हात लावायचा नाही, पण माणसांची हवा काढण्यात पटाईत. त्याने कुठूनतरी एक शब्द उचलून आणला होता, शलभ. चहात साखर टाकावी तसा तो हा शब्द सहज बोलण्यात टाकायचा.

"शिंपीबुवा, तुमच्या कॉलरवर आज शलभ दिसतोय."

समोरच्या दुकानातला शिंपी कॉलर चाचपत म्हणायचा, "शलभ? शलभ म्हणजे काय?"

की झालं! मेहुणा मांडीवर थाप मारून ओरडायचा, "श, ल, भ! शहाण्याला लावलं भजनी!"

बाकावरचे सगळे खिदळायचे आणि सापडलेल्या माणसाला शिक्षा व्हायची. भर रस्त्यात उकिडवं बसायचं, गुडघ्यांखालून हात घालून आपलेच कान आपणच धरायचे आणि कोंबड्यासारखं आरवायचं. शिंपी आरवला. चहावाला आरवला. पेपरवाला तर लागोपाठ दोनदा आरवला, कारण पहिली शिक्षा भोगून उठल्यावर त्याने गुडघे झटकत विचारलं, "पण खरंच, शलभ म्हणजे काय?"

सगळ्या गल्लीत एक मिस्त्री तेवढा कोरा राहिला होता. आता शलभ हा शब्द ओळखीचा झाला होता, त्याला कोण फसतंय? पण मेहुण्याच्या डोक्यातून उद्या दुसरा शब्द निघाला तर? म्हणून मिस्त्रीने मुळावरच घाव घातला. विचारायचंच नाही. कुणी काहीही म्हणो, उत्तर एकच: "माहितीये."

त्यात थोडं नुकसान होतं, नाही असं नाही. बायको म्हणाली, "आज संध्याकाळी ते येणार आहेत हं." मिस्त्री म्हणाला, "माहितीये." ते म्हणजे कोण, हे काही त्याने विचारलं नाही. संध्याकाळी दार वाजलं, मिस्त्रीने बनियनवर दार उघडलं आणि समोरच्या माणसाच्या हातात जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवून म्हणाला, "वजन नीट कर." तो मुलाचा साहेब निघाला. (साहेब चांगला माणूस. गठ्ठा घेऊन बसला बिचारा.) पण मिस्त्रीला त्याचं काही वाटलं नाही. साहेब काय, येतात आणि जातात. गल्लीत आरवला नाही, हे महत्त्वाचं.

अशात मिस्त्रीची पाठ गेली.

जन्म सायकलींसमोर वाकून काढलेला माणूस. मनाने मोडेन पण वाकणार नाही असा, आणि शरीराने सकाळपासून रात्रीपर्यंत वाकलेला. पाठीने एवढी वर्षं हे निमूट सोसलं आणि एका दिवशी दुधाच्या कॅनची जड सायकल उचलताना हिशेब चुकता केला. मिस्त्री सायकल धरून जिथल्या तिथे थिजला. दूधवाल्याला वाटलं, म्हातारा सायकल द्यायला तयार नाही.

मुलाने घरी सभा भरवली. "बाबा, पुरे झालं आता. दुकान बंद करा. घरात बसा, आराम करा."

"घरात बसून करण्यासारखं काही नाही. पंख्याची पाती तेवढी मोजायची."

"टीव्ही बघा."

"तुमच्या टीव्हीत सगळे एकमेकांना विचारतच असतात."

बायको आजवर मध्ये पडत नसे, पण या वेळी तिने दुकानाची किल्ली खुंटीवरून काढली आणि आपल्या चष्म्याच्या डबीत टाकून डबी खट्कन मिटली. "हे बघा, उद्या पाठीच्या डॉक्टरकडे जायचं. ती सांगेल तो व्यायाम रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर करायचा, मग किल्ली मिळेल. पंधरवड्याने ती पुन्हा तपासेल. पाठ सुधारली तर दुकान तुमचं. नाहीतर ही डबी पुन्हा उघडायची नाही."

मिस्त्रीने मिटलेल्या डबीकडे पाहिलं. दुकान म्हणजे काय मोठं होतं? एक पत्र्याचं शटर, ट्यूब बुडवायचं घमेलं, पाने आणि ग्रीसचा वास. पण त्या वासाशिवाय तो सकाळी जागासुद्धा नीट होत नसे. घरात त्याला सगळे बाजूला सरका म्हणायचे. दुकानात तो बाजूला सरकला तर सायकल चालायची नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुणा त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला आणि बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या डुलक्या काढू लागला. मिस्त्री एकटा आत गेला.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी. तिने त्याची पाठ कणकेच्या गोळ्यासारखी दाबून पाहिली आणि म्हणाली, "घाबरण्यासारखं काही नाही, काका. औषधसुद्धा नको. रोज सकाळी शलभासन करा."

मिस्त्रीच्या अंगातून वीज गेली.

शल काय? त्याने वळून दाराकडे पाहिलं. दाराआडून मेहुण्याचं घोरणं ऐकू येत होतं. असं! म्हणजे या सुशिक्षित पोरीलाही मेहुण्याने फितवलंय! इथे, पाठ उघडी टाकून, पालथं पडलेलं असताना आपल्याला गाठायचं! त्याने दातांवर दात दाबले.

"माहितीये," तो म्हणाला.

"अरे वा. पूर्वी केलंय?"

"तुमच्या जन्माआधीपासून."

"मग दाखवता का एकदा?"

"घरी करतो."

"नक्की ना? काही शंका असेल तर आत्ताच विचारा हं, काका. चुकीचं केलंत तर पाठ धरेल."

विचारा म्हणे! मिस्त्री मनातल्या मनात हसला. इतक्या उघड सापळ्यात तर उंदीरसुद्धा जात नाही. "विचारायचं काही नाही," असं म्हणून त्याने सदरा चढवला आणि ताठ मानेने बाहेर पडला. (फक्त मानच ताठ होती. बाकीचा मिस्त्री प्रश्नचिन्हासारखा वाकला होता.)

वाटेत त्याने मेहुण्याला नीट निरखलं. मेहुण्याच्या चेहऱ्यावर कटाचा मागमूस नव्हता, नुसती झोप होती. "काय म्हणाली हो डॉक्टर, दाजी?" त्याने जांभई देत विचारलं.

"व्यायाम सांगितलाय."

"कसला?"

"असतो एक."

म्हणजे हा निर्दोष होता. म्हणजे डॉक्टर खरंच बोलली होती. म्हणजे शलभासन म्हणून काहीतरी खरंच होतं, आणि ते केल्याशिवाय किल्ली नव्हती. आता परत जाऊन विचारावं? छे. तोंडाने एकदा माहितीये म्हटल्यावर ते माहीत असलंच पाहिजे. मग मिस्त्रीने डोकं चालवलं. तो शाळेत जेमतेम गेलेला, पण सायकल उलटी करून बिघाड शोधायची त्याची पद्धत पक्की होती. मेहुणा शलभ कधी म्हणतो? माणूस सापडायच्या आधी. सापडलेला माणूस काय होतो? कोंबडा. उगाच का होईल? शब्द आणि शिक्षा एकाच पुस्तकातून उचलली असणार. तेव्हा शलभ म्हणजे कोंबडा, आणि शलभासन म्हणजे कोंबड्यासारखं बसणं. चोख हिशेब! शिवाय शाळेत तो जेवढे दिवस गेला, तेवढ्यात दुसरं काही नाही तरी कोंबडा मात्र त्याला उत्तम येऊ लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोसमोर मिस्त्री उकिडवा बसला, गुडघ्यांखालून हात घातले आणि कान पकडले.

बायकोच्या हातातला कप तसाच राहिला. "अगं बाई! हे असं सांगितलं त्या पोरीने?"

"हो."

"या वयाच्या माणसाला?"

"शास्त्र आहे ते."

"आणि कान कशाला धरायचे?"

"पाठीच्या शिरा कानातून जातात." (हे त्याने जागच्या जागी तयार केलं. प्रश्न सोडलेल्या माणसाला उत्तरं भराभर सुचतात.)

बायकोने कप खाली ठेवला. खरं म्हणजे संसारात पहिल्यांदाच नवरा तिच्यासमोर कान धरून बसला होता, तेव्हा तिला फार खोलात शिरावंसंही वाटलं नसेल. तिने डबी उघडली आणि किल्ली दिली.

असं रोज चाललं. पाठ सुधारत नव्हती. उलट आधी जिथे नुसती ठसठस होती, तिथे आता कुणीतरी आतून पाना फिरवत असल्यासारखं वाटायचं. पण मिस्त्री म्हणाला, औषध कडू असतं तेव्हाच लागू पडतं. दात खाऊन तो रोज बसायचा, रोज उठायचा. उठायला रोज थोडा जास्त वेळ लागायचा, एवढंच.

पंधरवडा भरला. बायको म्हणाली, "मी पुढे जाऊन नंबर लावते. तुम्ही दुकान उघडा, तिथेच व्यायाम उरका आणि या."

मिस्त्रीने दुकानात शिरून शटर निम्मं खाली ओढलं. आज परीक्षा होती, म्हणून त्याने आसन जरा मन लावून केलं. इतर दिवशी कानांच्या पाळ्या धरायचा, आज अख्खे कान मुठीत घेतले आणि एक दीर्घ श्वास घेऊन आणखी खाली झुकला.

पाठीत काहीतरी 'खट्' झालं आणि मिस्त्री अडकला.

वर होईना, खाली होईना. हात सुटेनात, पाय सरकेनात. बाजूला कलंडावं म्हटलं तर एकीकडे घमेलं, दुसरीकडे पंप. गंजलेली चेन जशी आपला आकार सोडत नाही, तसा मिस्त्री कोंबड्याच्या आकारात घट्ट बसला. हाक मारावी? मदत कर रे म्हणणं हेही एक प्रकारचं विचारणंच. तो गप्प राहिला.

तेवढ्यात शटर खडखडत वर गेलं. दारात मेहुणा.

मेहुण्याने पाहिलं. डोळे चोळून पुन्हा पाहिलं. मग तो असा ओरडला, की रस्त्यापलीकडचे कावळे उडाले. "सापडला! अरे धावा! दाजी सापडले!"

शिंपी गळ्यातल्या टेपसकट धावला. चहावाला किटली घेऊन आला. पेपरवाला सायकल आडवी टाकूनच आला. दुकानासमोर कोंडाळं झालं.

"कुणी पकडलं रे मिस्त्रीला?"

"कुणी का पकडेना! पकडला ना?"

"हं मिस्त्री, आरवा आता!"

"मी आरवणार नाही," मिस्त्री गुडघ्यांच्या मधून म्हणाला.

"असं कसं? आम्ही आरवलो. नियम म्हणजे नियम."

"मला कुणाच्या बापाने पकडलेलं नाही. मी माझ्या मर्जीने बसलोय."

यावर असा हशा उठला, की शिंप्याला पंपाचा आधार घ्यावा लागला. "मर्जीने? मर्जीने कोण कोंबडा होतं हो?"

"दाजी, उगाच ताणू नका," मेहुणा पुढे वाकून गोड आवाजात म्हणाला. "एकदाच छोटंसं कुकूचकू करा आणि मोकळे व्हा."

मिस्त्रीची मान गुडघ्यांत होती, कान मुठीत होते, पाठीत आग लागली होती आणि नाकावर माशी बसली होती. अशा वेळी भलेभले शरण जातात. मिस्त्रीने माशीसकट सगळ्यांकडे रागाने पाहिलं आणि गरजला, "गाढवांनो, हे शलभासन आहे! डॉक्टरने सांगितलंय!"

सगळे मेहुण्याकडे बघू लागले, कारण शब्द त्याचा. आणि मेहुण्याचं तोंड उघडं पडलं होतं. त्याच्या पोतडीतल्या शब्दाला शेपूट फुटून तो परक्या माणसाच्या तोंडून बाहेर आला होता.

"शलभासन?" मेहुणा चाचरत म्हणाला. "ते... ते काय असतं?"

"हो ना, काय असतं?" शिंपी म्हणाला.

"म्हणजे काय, मिस्त्री?" चहावालाही म्हणाला.

मिस्त्रीने डोळे मिटले. असा क्षण माणसाला रोज मिळत नाही. त्याने होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला आणि दुमडलेल्या छातीतून आरोळी ठोकली, "शहाण्याला! लावलं! भजनी!"

मेहुण्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. शिंप्याने कपाळावर हात मारला.

"बघताय काय? व्हा कोंबडे!" मिस्त्रीने खालूनच हुकूम सोडला. "नियम म्हणजे नियम!"

आणि झाले की! मेहुणा झाला, शिंपी झाला, चहावाला किटली बाजूला ठेवून झाला. पेपरवाल्याने या वेळी काहीच विचारलं नव्हतं, पण सवयीने तोही झाला. भर रस्त्यात सगळे कान धरून आरवू लागले. भाजीची पिशवी घेऊन चाललेली एक बाई थांबली आणि म्हणाली, "इथे कसलंतरी औषध देतात वाटतं? रांग कुठून आहे?"

आरवून झाल्यावर सगळे उठले. मिस्त्री उठला नाही.

"दाजी, झालं आता. जिंकलात तुम्ही. उठा."

मिस्त्रीने नाकावरची माशी फुंकून उडवली.

"दाजी?"

"उठायचं असतं तर केव्हाच उठलो असतो," मिस्त्री म्हणाला.

मग मात्र पळापळ झाली. दुरुस्तीला आलेली एक मालवाहू तीनचाकी दुकानात उभी होती. चौघांनी मिस्त्रीला आहे त्या आकारात उचलून तिच्यावर ठेवलं आणि मेहुण्याने पायडल मारायला घेतलं. मिस्त्री वरून सूचना देत होता. "डावीकडून घे! मागच्या चाकात हवा कमी आहे, खड्डा टाळ!" लोक थांबून बघत होते. मिस्त्रीने एकासमोरही मान खाली घातली नाही. (मान आधीच खाली होती.)

दवाखान्यात बायको नंबर लावून बसली होती. नवऱ्याला असा पार्सलसारखा आलेला बघून ती उभी राहिली, पण घाबरली वगैरे नाही. इतक्या वर्षांचा अनुभव. मेहुण्याने दुकान बंद करून आणलेली किल्ली तिने आधी डबीत टाकली. "आत न्या," ती म्हणाली, "आपलाच नंबर आहे."

डॉक्टर पोरगी चक्रावून गेली. "हे काय केलंय, काका?"

"तुम्हीच सांगितलेलं. शलभासन."

"अहो, शलभ म्हणजे टोळ! पिकावर येतो तो किडा. पालथं झोपायचं आणि टोळासारखे मागून पाय उचलायचे. हा कोंबडा कुठून आला?"

तिने खांद्याखाली हात घालून, एक एक सांधा मोकळा करत त्याला हळूहळू उलगडलं. शेवटी पाठीत पुन्हा एकदा 'खट्' झालं आणि मिस्त्री सरळ उभा राहिला. चांगला सरळ. आपण एवढे उंच आहोत, हे तो विसरूनच गेला होता.

"बघा," तो ताबडतोब म्हणाला, "लागू पडलंच ना!"

डॉक्टरने कपाळाला हात लावला. मग बायकोकडे वळून म्हणाली, "इतके दिवस हे करूनही यांची पाठ शाबूत आहे म्हणजे ती माणसाची नाही. दुकान करू द्या खुशाल. सायकली छताला टांगून उभ्याने काम करायचं आणि खरं शलभासन रोज करायचं. पण कसं करायचं ते यांनी स्वतः विचारायला हवं. न विचारणाऱ्याला मी शिकवत नाही."

बायकोने चष्म्याची डबी वर धरली. "ऐकलंत? विचारा. विचारलंत तर दुकान तुमचं. नाहीतर आजपासून पंख्याची पाती मोजा."

दारात शिंपी, चहावाला, पेपरवाला माना उंचावून उभे होते. मिस्त्रीने डबीकडे पाहिलं. दारातल्या माणसांकडे पाहिलं. ग्रीसचा वास त्याच्या नाकात आला. घशात दोन शब्द वरपर्यंत आले, 'कसं करायचं', आणि तिथेच मागचा ब्रेक लागल्यासारखे अडकले.

मग मिस्त्रीने सावकाश हात उचलला आणि मेहुण्याच्या बरगडीत कोपर मारलं.

"ए, तू विचार त्यांना. तुला नाही ना माहीत."

"मी? दाजी, पाठ तुमची..."

"विचार म्हणतो ना! तीनचाकीचं भाडं लावू का?"

"क-कसं करायचं हो डॉक्टर?" मेहुणा पुटपुटला.

डॉक्टरला हसू आवरेना. तिने मेहुण्यालाच टेबलावर पालथं पाडलं, त्याचे हात मांड्यांखाली दाबले आणि पाय धरून असे उचलले, की मेहुणा खराखुरा आरवला. मिस्त्री बाजूला हाताची घडी घालून उभा होता. मेहुण्याचे पाय खाली आले तसा तो म्हणाला, "पुन्हा एकदा दाखवायला लावा. त्याच्या डोक्यात उशिरा शिरतं."

बायकोने भावाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग डबी उघडून किल्ली त्याच्या तळहातावर आपटली. "घ्या. तुम्हाला वाकवायला गेले आणि माझा भाऊ मोडला."

तर दुकान राहिलं. सायकली छताला टांगल्या गेल्या आणि मिस्त्री ताठ उभा राहून काम करू लागला. सकाळी दुकान उघडलं, की तो मधल्या मोकळ्या जागेत पोतं अंथरायचा, पालथा पडायचा, हनुवटी टेकवायचा आणि पाय उचलून धरायचा. अगदी नियमाप्रमाणे. मेहुण्यालासुद्धा बोट ठेवायला जागा नव्हती.

परवा सकाळी असाच तो आसनात होता. तोंड भिंतीकडे, पाय दाराकडे, पाय चांगले वर. जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक म्हातारा गिऱ्हाईक सायकल ढकलत आत आला. टेकवायला जागा शोधत त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मागचं चाक मिस्त्रीच्या दोन पावलांमध्ये नीट अडकवून दिलं. मिस्त्री काय बोलणार? श्वास सोडला असता तर पाय खाली आले असते, आणि गिऱ्हाइकाची सायकल पडली असती.

तेवढ्यात डबा घेऊन बायको दारात आली.

"बाई, मालक आले की सांगा, ब्रेक बघायचेत," म्हातारा म्हणाला. "आणि हा स्टँड फार जुना झालाय हो, थरथरतो. एखादा नवा आणा."

बायकोने स्टँडकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"बघितलं होतं आम्ही," ती म्हणाली, "पण हा कुणी बदलून घेत नाही."